शांताअक्कांच्या देखत झोप

डोक्याला पट्ट्या, पट्ट्यांतून निघालेल्या तारा, आणि पलंगावर इरावती टक्क जागी. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या मेंदूत पार खोलवर बारीक तारा सोडल्या होत्या. मिरगी कुठून उठते ते झोपेत पकडायचं होतं, आणि बाई झोपायलाच तयार नाही!

"मम्मी, सो जाओ ना," तिचा पोट्टा अनिमेष विनवत होता. "डॉक्टर रुकी हैं."

"रुकू दे. तुह्या आत्याले आण पहिले. ती समोर बसल्याबिगर मी डोळा मिटत नाही."

आत्या म्हणजे इरावतीची थोरली नणंद, शांताअक्का. महालक्ष्मीच्या भरल्या पंगतीत इरावतीला झटका आला, तर या बाईने तिच्या नाकाला चप्पल लावली. चप्पल हुंगवणारे अडाणी पुष्कळ, ते एकवेळ माफ. पण ती शुद्धीवर येताच अक्का पंगतीला म्हणाल्या, "पाहा, उठली! भांडे घासाची वेळ आली का हिचं नाटक सुरू." तो 'नाटक' शब्द इरावतीच्या मोहल्ल्यात, बुढापाऱ्यात, घरोघरी फिरून आला. इरावतीने तो गिळला नाही, दाढेखाली धरून ठेवला.

दुपारी अक्का तेलीबांध्याच्या आपल्या घरून आल्या, कपाळाला आठ्या घालूनच.

"काहून वो, आता झोपाले बी माणसं लागते तुले?"

"हव आक्का. नाटक आहे ना, पाह्यणारं पायजे." असं म्हणून इरावती कूस न बदलता झोपून गेली.

जाग आली तेव्हा अक्कांचं तोंड पिठासारखं पांढरं. डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या, "ये धीमी लहरें गहरी नींद की हैं. और ये देखिए, उसी नींद में अंदर मिरगी का दौरा उठा. हाथ तक नहीं हिला इनका. सोया हुआ आदमी नाटक कैसे करेगा, अम्मा?"

डॉक्टरीणबाई गेल्या तशा अक्का पलंगाशी वाकल्या. हळूच म्हणाल्या, "चुकलं वो माह्यं. माफ कर."

"माह्या कानात काहून सांगता? तवा तर आवाज चांगला खणखणीत होता." इरावतीचे डोळे चमकले. "फोन काढा. पंगतीतल्या एकेकीले लावा. पहिले तुमच्या सुनेले."

"सुनेले नको न वो! ती मले जलमभर ऐकवन."

"म्हणूनच तिले पहिले."

अक्कांनी अनिमेषकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. शेवटी त्यांनी सुनेचा नंबर लावला.

"स्पीकरवर," इरावती म्हणाली, आणि उशीला टेकून आरामात बसली.

तिकडून आवाज आला, "हाँ मम्मीजी, बोलिए."