कोरडी जखम

सासूबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलल्यावर सर्जननी सांगितलं होतं, रोज ड्रेसिंग बदलताना जखमेचा फोटो पाठवत जा. पहिल्याच दिवशी मी पट्टी सोडली तेव्हा सासूबाईंनी हात धरला.

"अगं, आधी पुसून घे. परक्या माणसाला असलं दाखवतात का?"

मी सलाइनच्या बोळ्याने पुसलं, मग फोटो काढला. नवऱ्याने तो पाठवला. उत्तर आलं, "छान."

आठवडा झाला तरी पट्टी सकाळी भिजलेलीच निघायची. मी जीवशास्त्र शिकवते. टाक्यांतला पाझर पाच-सहा दिवसांत थांबायला हवा, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "दाखवून आणू या."

"डॉक्टर छान म्हणतायत आणि तुझं काय चाललंय?" नवरा म्हणाला. "आईला उगाच घाबरवू नकोस. गुडघा वाकवायला लाव, नाहीतर आखडेल."

सासूबाई दात आवळून गुडघा वाकवत राहिल्या. मी पुसत राहिले.

चौदाव्या दिवशी टाके काढायला नेलं. खालच्या टोकाला नाण्याएवढी कातडी काळी पडली होती. सर्जननी बोटाने दाबलं आणि बाजूने गढूळ पाणी आलं.

"हे कधीपासून?"

नवऱ्याने मोबाइल पुढे केला. एकामागून एक चौदा फोटो, सगळे कोरडे.

"पुसून काढलेत?" सर्जननी विचारलं. "पाझर किती, हेच तर मला बघायचं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सगळं हीच करते. ही सायन्स शिकलेली, मला काय कळतंय!"

नवरा खाली बघत होता. मी म्हणाले, "पुसलं मीच."

आत जंतू सांध्यापर्यंत पोचले असते, तर बसवलेला सांधा काढावा लागला असता. तो वाचला. मेलेली कातडी कापून काढली, आतून धुतलं, पोटरीचा स्नायू वळवून वर आणला, त्यावर मांडीची कातडी लावली. तीन महिन्यांनी गुडघा कसाबसा साठ अंशांपर्यंत वाकतो. जिना चढणं बंद झालं.

भेटायला कुणी आलं की सासूबाई चादर बाजूला करून पाय दाखवतात. आता लाजत नाहीत. "हिच्या हातचं आहे," म्हणतात. मी बाहेर जात नाही. शेजारीच बसते, पाहुण्यांनी वळून पाहिलं की मान डोलावते.