तांड्यातली मापाची नरोटी

मी एक जुनी नरोटी आहे. मित्रांनो, नारळातलं खोबरं खाऊन झालं की जिला चुलीत घालतात, तीच. पण माझं नशीब थोर! मी रामीबाईच्या लग्नातल्या नारळाची. बोरी अरबच्या बाजारातल्या जहीर सुताराने मला काचेने घासून गुळगुळीत केलं, सागवानी दांडा बसवला आणि १९५६ साली मी तिच्यासोबत तिच्या सासरी, तांड्यावर आले.

रामीबाई मीठ, मिरच्या, धणे, जिरं आणि लसूण कुटून मडक्यात भरून ठेवी. निम्मं मीठ, निम्मा मसाला. डाळ असो की वांगी, तेच कूट पडायचं. शेरभर डाळीला मी एकदा भरले की झालं.

सासूबाई सुखीबाईंना ते मुळीच पटत नसे. त्यांचे वाडवडील बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलुखभर फिरलेले. अशा घरात मीठ मोजायचं म्हणजे नाक कापल्यासारखंच! सुनेच्या हाताला चव नाही, असं त्या दोन वर्षं साऱ्या तांड्याला सांगत होत्या. मला तर फार राग यायचा.

मग देवीच्या भोगाची दहा शेर डाळ रामीबाईच्या वाट्याला आली. भोग लागेपर्यंत डाळ चाखायची नाही, असा रिवाज. ती बिघडली असती, तर रामीबाईला पुन्हा कुणी मोठ्या चुलीपाशी बसू दिलं नसतं.

माझी पाच मापं डाळीत पडली, तोच सुखीबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांब. तू मीठ इसरली असं मले वाटलं. म्या चार मुठी टाकल्या."

हे कुणीच पाहिलं नव्हतं. त्या गप्प बसल्या असत्या, तर बोल सुनेलाच लागला असता. पण बाई खरी निघाली.

"याडी, तेवढीच मूठ यात टाका," रामीबाई मला पुढे करून म्हणाली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. सासूलाही ती तसंच म्हणे.

मूठ पडली आणि मी बरोबर निम्मी भरले. कुटाच्या एका मापातही मीठ निम्मंच, म्हणजे उरलेल्या पाचांपैकी चार मापांपुरतं मीठ आधीच पडलेलं! रामीबाईने कुटाचं एक माप घातलं. बायकांनी भराभर नुसता मसाला कुटून दिला, तो तिने चारदा मला निम्मं भरून डाळीत सोडला.

भोग लागला. तांड्याचे प्रमुख, नायक देवसिंग पहिल्या पंगतीला बसले. त्यांनी डाळ दोनदा मागून घेतली आणि हात कोणाचा म्हणून विचारलं.

"हात इचा, माप इचं," सुखीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "चूक माही होती."

त्या दिवशी मी जिंकले, मित्रांनो! पुढे शेर जाऊन किलो आले, पण तांड्यातल्या सुना कूट मोजायला मलाच मागून नेत.

मला धुऊन उन्हात वाळवा, एवढंच माझं मागणं. आणि कधी तुमच्या हातून मीठ जास्त पडलं, तर भांड्यावर झाकण ठेवून गप्प बसू नका. वेळेवर सांगा. आमची डाळ तेवढ्यानेच वाचली.