मावशी आणि उपाशी पित्ताशयं

हळदीमुळे पित्ताशय आकसून पित्त बाहेर सोडतं का, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क, निम्म्यांच्या नुसतं पीठ. कुणाला काय दिलंय, हे मलाही ठाऊक नाही. सगळे रात्रीपासून उपाशी. आधी सोनोग्राफी, मग कॅप्सूल, बाहेरच्या खोलीत वाट बघणं आणि पुन्हा सोनोग्राफी. अभ्यास फसला तर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार, असं सरांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

माणसं कमी पडली म्हणून मी मावशीलाही ओढून आणलं.

पहिल्या बाईंचं पित्ताशय आकसलं. माझ्या मनात लाडू फुटले. पुढच्यांचंही आकसलं. सुतारकाकांचं तर इतकं झकास आकसलं, की मी मशीनलाच टाळी द्यायला निघाले. पण पाठोपाठ सगळ्यांचंच आकसायला लागलं आणि माझं धाबं दणाणलं. अहो, निम्म्यांच्या पोटात पीठ होतं! पिठानेच काम होत असेल, तर हळदीला विचारतो कोण?

मी तणतणत बाहेर आले. मावशी मधोमध बसली होती आणि बाकीच्यांनी खुर्च्या तिच्याकडे वळवल्या होत्या.

"मग कांदा लोण्यात सोडायचा. घाई नाही करायची बरं का! कडा लालसर झाल्या की असा वास सुटतो ना..."

सुतारकाकांनी आवंढा गिळला.

"मावशी! अगं, नुसत्या खाण्याच्या गप्पांनीही पित्ताशय कामाला लागतं. वाटोळं केलंस माझं!"

"खाऊ नका म्हणालीस. बोलू नका असं कुठे म्हणालीस?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात सर आले. "गप्पांनी? काहीतरीच!"

सकाळपासूनच्या मीटिंगांमुळे तेही उपाशीच होते. "मग झोपा टेबलावर," मी तावातावाने म्हणाले. ते खरंच झोपले. मावशीने आत येऊन नव्या दमाने सुरुवात केली आणि सरांचं पित्ताशय आमच्या डोळ्यांदेखत लहान होत गेलं. मला हसू आवरेना. रडूही येत होतं.

"अभ्यास पुन्हा करायचा," सर पडल्या पडल्या म्हणाले. "तूच करायचास. आणि मावशींना बाहेर बसवायचं नाही."

मी आनंदाने मशीन बंद करायला गेले.

"थांब गं जरा," सर म्हणाले. "हं मावशी, कांदा लाल झाला. पुढे?"