भर नदीत भरलेली ओटी

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि आज अंगणात कोरडी उभी आहे. केवढं हायसं वाटतंय म्हणून सांगू!

कारखान्यातून आले तेव्हा माझा हिरवा रंग नुसता झळकत होता. भोकरपलीकडच्या आमच्या गावाची वाट दगडधोंड्यांची, त्यात नदी तिला दोनदा आडवी येते. माझे मालक शेषेराव, त्यांनी बियाणं, आजारी माणसं, वऱ्हाडं सगळी माझ्यातूनच नेली. "जीप न्हाई, गावाची लेक हाय," असं लोक म्हणायचे. पुढे दुचाक्या आल्या आणि लेकीवर कोंबड्या बसू लागल्या. शेषेराव मात्र माझ्या बॅटरीची टोकं गरम पाण्याने पुसायचे, त्यांवर पांढरं साचू द्यायचे नाहीत.

काल त्यांचा मुलगा हरिओम अर्धापूरहून नवरी घेऊन आला. भाड्याची मोटार नदीचं नाव ऐकून भोकरलाच थांबली, म्हणून तो मान मला मिळाला. पहिलं पाणी सहज ओलांडलं. दुसऱ्याच्या मध्यावर आलो, तोच शेषेरावांच्या थोरल्या बहिणीने हात वर केला.

"थांब रे! नवी नवरी पाणी वलांडून राहिली, नदीची ओटी न्हाई भरायची व्हय?"

"काठावर भरू की, अक्का," शेषेराव म्हणाले.

"वाहत्या पाण्यातच भरत्यात!"

अक्कांपुढे कुणाचं चालतंय? शेषेरावांनी मला थांबवलं. वर नदीपुढे घरघर बरी दिसत नाही, म्हणून इंजिनही बंद केलं. धन्य ती भक्ती!

खण-नारळ नदीत गेले आणि नदी माझ्या सायलेन्सरात आली. इंजिन काही सुरू होईना. वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला होता. पाणी गढूळ होऊन चढू लागलं. अक्का देवाचं नाव घेऊ लागल्या. माझ्या भरवशावर बसलेली ही माणसं पाहून मला धडकीच भरली.

"मामंजी," नवी नवरी शिवकन्या हळूच म्हणाली, "पयल्या गेरात टाका, किलच सोडा अन् नुसता सेल मारा. केळीच्या मळ्यातल्या चिखलातून आमचे बाबा जीप अशीच काढतेत."

शेषेरावांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्पच होतं, पण बॅटरीने इमान राखलं; तिच्या जोरावर सेलची मोटारच चाकं फिरवू लागली. एक हिसका, हातभर वाट. पुन्हा हिसका. चाकं वाळूला लागली तेव्हा अक्का आधी रडल्या, मग पोट धरून हसल्या.

"पावली बघ ओटी! पर धाकटी सून येईल तवा काठावरच भरू."

उरलेलं हळदीकुंकू शिवकन्येने माझ्या बॉनेटला लावलं. मला भरून आलं.

मित्रांनो, नदीला हात जोडायचे ते काठावरून. आणि तुमच्या अंगणात एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्या बॅटरीची टोकं तेवढी पुसत जा. कोंबड्यांचं आम्ही बघून घेऊ.