रिकामा तास

घनश्यामच्या घरात त्या वर्षी माणसांना कमी आणि कापसाला जास्त जागा होती. भाव पडलेले. आज चढतील, उद्या चढतील म्हणून मधली खोली फाल्गुनापासून आढ्यापर्यंत भरलेली. घरात कापूस असला की घराचा आवाजच बदलतो. भांडं पडलं तरी नुसतं धप्प होतं, बोललेलं भिंतीवरून परत येत नाही, आणि दुपारी खाटेवर पडलेल्या माणसाला आपण जागे आहोत की झोपेत हे धड कळत नाही. घनश्यामला तर मुळीच कळत नसे.

त्या उन्हाळ्यात त्याला एकच स्वप्न पडायचं. डोळा लागता लागता फार लांबून गाणं यायचं, नाल्यापलीकडून, कदाचित त्याच्याही पलीकडून. शब्द कळायचे नाहीत. मग डोळ्यांपुढं वावरभर बोंडं फुटायची आणि एकेक बोंड त्या सुरावर हलायचं. एकदा उठल्यावर त्यानं बायकोला विचारलं, तुला काही ऐकू आलं का. मैनाबाईनं वाती वळता वळता वर न बघता सांगितलं की उन्हानं कान वाजत असतील, टोपी घालत जा.

गाण्याचा विषय त्या घरात बंद होता आणि तो त्यानंच बंद केला होता. त्यांची वैष्णवी सातवीत पहिली आलेली. गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला कुठं घालायचं हा प्रश्न. कापसानं गावोगाव दगा दिलेली ती वर्षं. कोणत्याही बापाला विचारा, लेकरानं शिकावं आणि या मातीतून सुटावं, दुसरं बोलणं नाही. वैष्णवी वेचणीला आली की गायची, तिच्या गाण्यावर बायांचे हात चालायचे. घनश्यामला ते आवडायचं आणि नेमकं तेच डाचायचंही. गाणारी पोरगी वेचणीतच राहील, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं. परीक्षेआधी तो तिला म्हणाला, आता गाणं बंद, पुस्तक चालू. पोरगी एका शब्दानं उलटून बोलली नाही. घर गप्प झालं, आणि हा गृहस्थ आपण फार मोठं काम केलं म्हणून मिशीला पीळ देत हिंडला.

शाळा दोन होत्या, दोन्ही सरकारी. एक तालुक्याच्या गावची. फाटकावरच दहावीच्या निकालाचा फलक. हेडमास्तर छाती काढून म्हणाले, आमच्याकडं एकही तास रिकामा नसतो. सकाळी जादा, संध्याकाळी जादा. आता वऱ्हाडात शाळेतला तो तास, आणि शेतात पेरलेली ओळ, तोही तासच. रिकामा तास म्हणजे बी उगवलंच नाही ती ओळ. घनश्यामच्या डोळ्यांपुढं बांधापासून बांधापर्यंत गच्च हिरवं वावर उभं राहिलं, आणि त्याचं तिथंच ठरलं. संगीताचं विचारायचं मैनाबाईनं बजावलं होतं, ते तो विसरला. म्हणजे, विसरलो असं त्यानं घरी सांगितलं.

दुसरी नाल्यापलीकडं, जिल्हा परिषदेची. निकाल बरा, मास्तर मनापासून शिकवणारे, पोरं दिवेलागणीच्या आत घरी. शेवटचा तास मात्र धावजी सरांचा, कडुनिंबाखाली पेटी आणि खंजिरी घेऊन. तेवढा वेळ सगळे वर्ग ओस. घनश्यामनं नको म्हणून मान हलवली. अख्खा तास पडीक.

मैनाबाईनं वाद घातला नाही. तिनं फक्त शेजारच्या देवरावच्या आयुषला जेवायला बोलावलं. तो तालुक्याच्या त्याच शाळेत नववीत. पूर्वी चिंचेवरून खाली उतरत नसे. आता पानावर बसला आणि पोळी उलटून बघू लागला, जणू मागच्या बाजूलाही एखादा प्रश्न असावा. घनश्यामनं विचारलं, शाळा कशी आहे. चांगली आहे काका, तो म्हणाला, फक्त सकाळी पोट दुखतं. रोज? रोज नाही, शाळा असली की. घनश्याम हसला. मैनाबाई हसली नाही.

वैष्णवीला विचारलं तर ती म्हणे, बाबा म्हणतील तिथं. तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे आणि दंडांवर खाजेचे लाल चट्टे. साठवलेल्या कापसात शिरलं की खाज सुटते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कापसात कायले लोळतं, म्हणून घनश्याम खेकसला. तिथं शांत वाटतं, ती म्हणाली. हातात पुस्तक होतं, म्हणून त्यानं सोडून दिलं.

पेरणी तोंडावर आली तरी भाव चढले नाहीत. शेवटी मिळेल त्या भावात कापूस महागावच्या बाजाराला गेला आणि खोली झाडून रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घनश्याम खाटेवर पडला आणि गाणं आलं. पण लांबून नाही. एकेक शब्द स्वच्छ, भिंतीवर आपटून परत येणारा. तो बोंडं फुटायची वाट बघत पडून राहिला. ती फुटेनात. डोळे उघडले तरी गाणं चालूच, आणि दारापुढच्या हापशीवरच्या बाया घागरी तशाच ठेवून त्याच्या घराकडं बघत उभ्या.

तो खोलीच्या दारात आला. वैष्णवी भिंतीकडं तोंड करून उभी होती. कापसात गायची तसाच गळा तिनं सोडला होता, पण तो आवाज गिळायला आता तिथं काही नव्हतं. पहिल्या सुराला ती दचकली असेल. पण आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही आजच कळत होतं, आणि कळल्यावर थांबवत नव्हतं. वळली तेव्हा बाप दिसला आणि तोंड मिटलं.

"कापूस होता तवा बाहीर ऐकू जात नव्हतं," ती म्हणाली. "मले वाटलं, तेवढं चालते."

घनश्यामला लाज वाटली. पोरीनं आपल्या धाकानं कापसात तोंड खुपसून गावं, आणि आपण खाटेवर त्याचीच गोड स्वप्नं बघावी.

"जात होतं," तो म्हणाला. "मले सपन वाटे."

संध्याकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. मैनाबाईला सगळं आधीपासून माहीत होतं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. टोपी घालत जा म्हणे! तो बराच वेळ काटकीनं जमिनीवर ओळी ओढत राहिला.

"कपाशीच्या आठ तासांमागं एक तास तुरीचा टाकतो आपुन," तो म्हणाला. "काहून टाकतो?"

"कपाशी गेली तरी घरात दाळ राह्यते," मैनाबाई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

शाळा उघडली त्या सकाळी बापलेक नाल्याच्या वाटेनं निघाले. तालुक्याचा फाटा मागं पडला तेव्हा वैष्णवीनं एकदा वळून बापाकडं पाहिलं. त्यानं नुसती पुढं चल अशी मान हलवली. मग ती पुढं चालू लागली आणि थोड्या वेळानं गुणगुणू लागली, आधी हळू, मग नेहमीसारखी. घनश्याम मुद्दाम मागं राहिला. जवळ गेलं तर ती थांबेल, अशी त्याला धास्ती होती.