जिन्याच्या फाइलवरचा पाहुणा

नकाशे विभागाच्या ताईंनी राजीनाम्याचा कागद दुसऱ्यांदा वाचला. तो त्यांनी लिहिलेला नव्हता. साहेबांनीच टाइप करून, सहीपुरती जागा सोडून, सौजन्याने टेबलावर आणून ठेवला होता. सही पाच वाजेपर्यंत हवी होती.

कारण होता जिना. नव्या दवाखान्यासाठी ताईंनी अठरा पायऱ्या काढल्या होत्या. सर्व्हरवरून ठेकेदाराला मिळाला तो मात्र दोन महिन्यांपूर्वी रद्द झालेला, सोळा पायऱ्यांचा नकाशा. ठेकेदाराने तो इमानेइतबारे बांधला. आता वरच्या मजल्यावर पोचायला शेवटी उडी मारावी लागत होती, आणि दवाखान्याच्या दृष्टीने हे बरं नव्हतं.

ती फाइल शेवटी कुणी बदलली, या रकान्यात सर्व्हरने लिहिलं होतं: ‘पाहुणा’.

“फोल्डर तुमच्या ताब्यात, म्हणजे पाहुणाही तुमचाच,” साहेब म्हणाले होते, आणि केबिनचं दार हलकेच लावून घेतलं होतं. आपटलं असतं, तर ताईंना निदान भांडता आलं असतं. बावीस वर्षांत त्यांच्या नकाशातली एक पायरी इकडची तिकडे झाली नव्हती.

त्यांनी मामांना बोलावलं. मामा कुणाचेच मामा नव्हते. सर्व्हर आणि वायरी सांभाळायचे.

“मामा, आपल्या सर्व्हरमध्ये पाहुणा शिरतोच कसा?”

“शिरत नाही. आपण घेतो.” मामांनी चष्मा पुसला. “अनोळखी नावाने कुणी आलं, तर सर्व्हरने नाही म्हणायला हवं. आपला म्हणत नाही. पाहुणा म्हणून बसवून घेतो. वर लिहायलाही देतो.”

“ही अक्कल कुणाची?”

मामांनी केबिनकडे बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही, की ताईंना कळलं.

“दोन वर्षं झाली. लेखी आदेश होता. बाहेरच्या लोकांना पासवर्ड विचारणं बरं दिसत नाही, कुणालाही दारातून परत पाठवू नये.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

“मी सही घेतली,” मामा म्हणाले. मग ताईंचा चेहरा बघून मुकाट्याने कीबोर्डकडे वळले.

सर्व्हरला आत्ता कोण कोण जोडलंय, त्याची यादी आली. नऊ ओळखीची नावं. दहावा पाहुणा. भरदिवसा.

ताई उठल्या. “सगळ्यांनी काम साठवा आणि मशीन बंद करा.”

“ताई, माझं अर्धंच झालंय...”

“अर्धं साठवा.”

एकेक नाव यादीतून गेलं. नऊ पडदे काळे झाले. पाहुणा बसूनच होता. मामांचा पडदा सोडला, तर सगळ्या ऑफिसात एकच पडदा चालू होता, केबिनच्या काचेमागे. सगळ्यांना एकदम तहान लागली.

“मामा, तो नियम काढा.”

“साहेबांना विचारून...”

“मामा.”

नियम निघाला. चार मिनिटांनी साहेब आपला लॅपटॉप ट्रेसारखा धरून बाहेर आले.

“मामा, हा मला आत घेत नाहीये. म्हणतो, ओळखत नाही.”

“यात नाव काय घातलंय, साहेब?”

“घरचंच आहे. मुलीने टाकलंय.” साहेबांनी आवाज खाली आणला. “बाबुडी.”

लोक पुन्हा पाणी प्यायले. ताई हसल्या नाहीत.

“जिन्याची फाइल तुम्ही घेतली होती?”

“मी कशाला हात लावीन? सगळं फोल्डर घरी नेतो, निवांत बघतो, आणि जसंच्या तसं जागेवर ठेवतो. मला पसारा आवडत नाही.”

“हे कधी नेलं होतंत?”

“दोन-सव्वादोन महिने झाले. मध्ये आजारी होतो. मागच्या महिन्यात आठवणीने परत ठेवलं. लॅपटॉपने विचारलंसुद्धा, आधीच्या फायलींवर ठेवू का. मी म्हटलं, ठेव...”

साहेब तिथे थांबले. बोलून झाल्यावर ऐकण्याची त्यांना सवय नव्हती, पण या वेळी ऐकू आलं.

“म्हणजे माझं काम पुसलंत तुम्ही,” ताई म्हणाल्या, “आणि घरी जायचं मी.” आवाज चढला नाही. त्यांनी राजीनाम्याचा तो कागद साहेबांच्या कीबोर्डवर ठेवला. “हा घ्या. जसाच्या तसा, जागेवर. दुसरं पत्र टाइप करा, ठेकेदाराला. जिना कुणामुळे चुकला ते, तुमच्या नावाने. पाचपर्यंत सही हवी.”

“करतो. पण मला आत तर घ्या.”

ताई मामांकडे वळल्या. “साहेबांना नाव द्या, पासवर्ड द्या. वाचता येऊ दे.”

“आणि लिहायला?”

“आधी पत्र बघू.”

त्यांनी आपलं मशीन चालू केलं. दोन पायऱ्या पुन्हा काढायच्या होत्या.