एक जानेवारीची माणसं

आमच्या केप कोस्ट गावच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोंदणीचं टेबल माझं होतं. आमच्या वेळी लिंक दाबली की प्रोग्राम सर्व्हरवरून आपणहून उतरायचा. ती पद्धत बनवणाऱ्यांनीच बंद केली. नवे कॉम्प्युटर तिला ओळखेनात, म्हणून सगळ्या नोंदी नव्या प्रोग्राममध्ये हलवल्या. हलवा ना! पण अशा?

परवा माझ्या मैत्रिणीला, हॅना आर्कोला, पायाची जखम दाखवायला नेलं. नर्सने स्क्रीन बघून सिरिंजमध्ये पेनिसिलिन भरलं.

"थांब गं पोरी! हिला ते चालत नाही. मागे मरता मरता वाचलीय."

"इथे तसं काही नाही, आंटी. एकुआ हॅना आर्को, बुधवार."

"बुधवार कसला? ही एफुआ, शुक्रवारची!"

नोंदी हलवणारा जोजो शेजारीच होता. "वाराचा रकाना काढला आम्ही. तारखेवरून वार आणि वाराचं नाव आपोआप निघतं."

आमच्यात वारावरून नाव पडतं, म्हणून वार प्रत्येक आईच्या लक्षात. तारीख कुणाला ठाऊक? आम्ही सरसकट एक जानेवारी लिहायचो. एक जानेवारी एकोणीसशे एकेचाळीसला होता बुधवार. गावात दोन हॅना आर्को, दोघी एकेचाळीस सालच्याच, एक शुक्रवारची, एक रविवारची. नव्या प्रोग्रामने दोघींना बुधवारचं केलं आणि एकच बाई समजून हिची नोंद पुसली.

"जोजो म्हणजे सोमवारचा ना तू? तुझ्या आजीची जन्मतारीख काय रे?"

तो पुटपुटला, "एक जानेवारी."

"शी! जुना कॉम्प्युटर लाव."

"तो आज बंद करायचाय, आंटी. सगळं बरोबर उतरलं म्हणून सही झालीय."

"तपासलं कुणी?"

"शंभर नोंदी तपासल्या की. तरुणांच्या. त्यांच्या तारखा नीट असतात."

मागच्या खोलीत जुना प्रोग्राम रखडत उतरला. एफुआ हॅना आर्को, आणि खाली मीच टाइप केलेली लाल अक्षरं: पेनिसिलिन कधीही देऊ नये. नर्सने सिरिंज टाकून दिली. हॅना बाकावर टेकली.

"एकच केस निघाली, आंटी," जोजो म्हणाला. वर हसला!

"एक जानेवारीवाले किती आहेत, मोज."

त्याने मोजले. चार हजार दोनशे सहा. त्याचं हसू मावळलं.

"हे सगळं परत कोण भरणार?"

मी जुन्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. "तू. मी वाचते. आधी हॅनाचं लिही."